दुखणं किती, तर दोन

त्या वॉर्डात गेली अकरा वर्षं कुणालाही फारसं दुखलं नव्हतं. निदान कागदावर तरी नाही.

वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर, लांबट, बारा खाटांचा. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक पत्र्याची पाटी अडकवलेली, पाटीला चिमटा आणि चिमट्यात तक्ता. तक्त्यात ताप, नाडी, रक्तदाब, श्वास यांचे रकाने आणि सगळ्यात शेवटी, उजव्या कडेला, एक अरुंद रकाना: वेदना, शून्य ते दहा. ताप चढायचा, उतरायचा. नाडी पळायची, दम खायची. पण त्या शेवटच्या रकान्यात सकाळ, दुपार, संध्याकाळ एकच आकडा. २. त्याखाली २. त्याखाली पुन्हा २.

मोठ्या सिस्टरांचा २ पाहण्यासारखा असे. मान गोल वळवलेली, शेपटी मागे लांब सोडलेली, पाण्यावर निवांत बसलेल्या पक्ष्यासारखा. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर हॉस्पिटलच्या धुतलेल्या चादरी वाळत घातलेल्या असत. वारा आला की त्या फुगायच्या आणि त्यांच्यावरून उडालेला उजेड खिडकीतून आत येऊन वॉर्डाच्या छतावर हलत राहायचा. तळ्याच्या तळाशी उताणं पडून वर पाहावं, तसा. दुपारी सगळे पेशंट डोळे मिटून पडले की सिस्टर त्या उजेडात तक्ते चाळायच्या आणि डोळा लागता लागता त्यांना वाटायचं, हे दोन आता पोहायला लागतील. एकामागून एक पानावरून उतरतील, फरशीवरून तरंगत दाराबाहेर जातील. जातील तर बरं होईल, असंही वाटायचं. मग मान टेबलावर आपटायची आणि त्या जाग्या व्हायच्या.

हे दोन सुरू कसे झाले, ते दोघींनाच ठाऊक होतं. मोठ्या सिस्टरांना आणि धाकट्या सिस्टरांना.

अकरा वर्षांपूर्वी धाकट्या सिस्टर नव्यानेच कामाला लागल्या होत्या. एका पेशंटने दुखणं आठ सांगितलं, त्यांनी आठ लिहिलं. नियम चांगला होता: चार किंवा जास्त लिहिलं, तर अर्ध्या तासात डॉक्टरांना बोलवायचं, डॉक्टरांनी औषध द्यायचं, तासाने पुन्हा विचारायचं. डॉक्टर आले. पण तीव्र दुखण्यावरचं खरं औषध कपाटात ठेवायला प्रशिक्षण घेतलेली माणसं लागत आणि तसं प्रशिक्षण त्या हॉस्पिटलात एकानेही घेतलेलं नव्हतं. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? डॉक्टरांनी अंगदुखीची गोळी दिली आणि ते गेले. आठ आठच राहिले, नऊ दिवस. मग वरून तपासणी आली. आठ असताना उपाय का झाला नाही, असा मेमो कुणाला मिळाला, तर धाकट्या सिस्टरांना.

चादरींच्या खोलीत गठ्ठ्यांवर बसून त्या हमसून हमसून रडल्या. मोठ्या सिस्टर शेजारी टेकल्या. बराच वेळ पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "उद्यापासून दोन लिही. खाली सही मी करते."

"दोनच का?"

"शून्य लिहिलं तर शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही. तीन म्हणजे चारच्या दारात. दोन बरा. कुणाच्या डोळ्यांवर येत नाही."

तेव्हापासून दोन.

याचा अर्थ सिस्टरांना काळजी नव्हती असा नाही. गुडघ्यांच्या मध्ये उशी कशी सरकवावी, कूस बदलताना कुठल्या श्वासावर उचलावं, गरम पाण्याची पिशवी टॉवेलच्या किती घड्यांत गुंडाळावी, हे त्यांच्या हातांना माहीत होतं. आणि त्या दोनदा विचारायच्या. आधी 'किती', ते कागदासाठी. मग पाटी खाली ठेवून, खाटेच्या कडेवर बसून, 'कसं'. ते कशासाठी, हे त्यांनी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

खिडकीजवळच्या खाटेवर सुतारकाका होते. त्यांच्या मांडीच्या हाडात रोग शिरला होता. ते म्हणायचे, "रंधा चाललाय, सिस्टर. आतून. साल निघतेय, निघतेय, पण हाड काही गुळगुळीत होत नाही. कारागीर नवशिका दिसतोय."

समोर मास्तरीणबाई, निवृत्त, पोटाचं दुखणं घेऊन आलेल्या. "ठुसठुस. मागच्या बाकावरचं एखादं कार्टं सारखं पट्टी वाजवतं ना, तसं. उठून कान धरावा, तर सापडत नाही."

आणि दाराजवळ ड्रायव्हरदादा. अपघातानंतर त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला होता. "पाय नाही, हे मला दिसतं. पण अंगठ्यात कळ येते त्याचं काय करू? पाय ब्रेकवर दाबून धरलाय आणि उचलताच येत नाही, असं वाटतं. गाडी कधीच थांबली, सिस्टर. पाय अजून ब्रेकवरच."

हे सगळं ऐकून सिस्टर घरी जायच्या. संध्याकाळच्या रस्त्यावर ही दुखणी त्यांच्याबरोबर चालायची. मिठाईच्या दुकानाशी मागून पट्टी वाजायची. सिग्नलला थांबल्या की वाटायचं, कुठेतरी, कुणाच्यातरी नसलेल्या पायाने ब्रेक दाबलाय, म्हणून तर ही सगळी गर्दी उभी आहे. दिवा हिरवा व्हायचा आणि त्यांच्या लक्षातच यायचं नाही.

मग एके दिवशी पत्र आलं. डॉक्टरांना आणि परिचारिकांना वेदना कशी ओळखावी आणि कशी उतरवावी, हे शिकवण्यासाठी सरकारने निधी मंजूर केला होता. जिथे गरज जास्त, त्या हॉस्पिटलांतून दोघादोघांना सहा आठवड्यांचं प्रशिक्षण. ती दोघं शिकून आली की हॉस्पिटलाला ते औषध कपाटात ठेवता येणार. गरज कुठे जास्त, हे नोंदी पाहून ठरणार.

मोठ्या सिस्टरांनी पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना त्यांचं बोट शेवटच्या ओळीवर, 'नोंदी पाहून'पाशी थांबलं.

नोंदी पाहायला एक तरुण मुलगी आली. नुकतीच विज्ञानाची पदवी घेऊन आरोग्य खात्यात लागलेली, केसांत पेन्सिल खोचलेली. पहिल्याच दिवशी तिने वॉर्डातलं घड्याळ तीन मिनिटं मागे आहे, हे सांगितलं. ड्रायव्हरदादांनी तासाभरात तिचं नाव मोजपट्टी ठेवलं.

मोजपट्टी दिवसभर जुने तक्ते उलटत बसली. संध्याकाळी ती अधीक्षकांच्या खोलीत गेली. मोठ्या सिस्टरही होत्या. अधीक्षकांच्या डोक्यावर भिंतीवर एक चौकट होती: उत्कृष्ट नोंदींबद्दल तिसऱ्या मजल्याला मिळालेलं प्रशस्तिपत्र.

"मी पाहिलेल्या सगळ्या नोंदींत तुमच्या सुंदर आहेत," मुलगी म्हणाली. "एक रकाना रिकामा नाही."

"आमच्या सिस्टर म्हणजे..." अधीक्षक फुलले.

"पण मग तुमचं नाव यादीत बसत नाही, सर. वेदना सरासरी दोन. जिथे दुखतंय तिथे निधी जायला हवा ना?"

अधीक्षकांच्या चेहऱ्यावर हसू आणि आठी एकदमच आली. स्तुतीही हवी होती आणि निधीही.

"एकच गोष्ट मला कळत नाही," मुलगी पेन्सिल काढत म्हणाली. तिच्या बोलण्यात आरोप नव्हता, नुसतं कुतूहल होतं. "ताप हलतो. नाडी हलते. पेल्यातलं पाणीसुद्धा, ट्रक गेला की हलतं. तुमच्याकडची वेदना अकरा वर्षांत हललेली नाही. अशी रेघ मी कधी पाहिली नाही. म्हणून उद्या मी स्वतः विचारीन, प्रत्येकाला. परवा यादी वर जाते."

सिस्टर म्हणाल्या, "विचारा की." आणि त्यांना एकाएकी हलकं वाटलं.

त्या घरी गेल्या तेव्हा त्यांचे यजमान जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले होते. ते जमीन मोजणीच्या खात्यात. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, तरी हात शांत बसत नव्हता. घराचा, गल्लीचा, गच्चीवरच्या कुंड्यांचा असे नकाशे काढत राहायचे.

"अहो, एक विचारू?"

"कुंड्यांचं सोडून काहीही विचार."

सिस्टरांनी सगळं सांगितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. यजमानांनी पेन्सिल खाली ठेवली.

"आमच्याकडे एक विहीर होती," ते म्हणाले. "रस्त्याच्या अगदी कडेला. माझ्या आधीच्या माणसाने ती नकाशात दाखवली नव्हती. का, तर दाखवली की तिची दरवर्षी पाहणी करा, कठडा का नाही याचं उत्तर द्या. विहीर नाही, म्हणजे प्रश्नच नाही. मग लोक कठडा मागायला गेले, तर कचेरीतला साहेब काय म्हणतो? म्हणतो, कुठाय विहीर? दाखवा."

"मग?"

"मग काय. लोक तिथे उभे राहून विहिरीत दगड टाकायचे. डुबुक वाजायचं. साहेब नकाशात बघायचा."

सिस्टरांना हसू आलं आणि लगेच गेलं. "कठडा झाला का?"

"मी विहीर काढली नकाशात. आधीच्या माणसाने माझ्याशी बोलणं टाकलं. माझा मेव्हणा होता तो. म्हणजे तुझाच भाऊ."

"दादा त्यावरून रुसला होता होय! आणि मी आपली समजत होते, लग्नातल्या मानपानावरून."

"ते तुला सांगितलेलं कारण."

सिस्टरांनी कागदावरच्या एका कुंडीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मला काही काढावं लागणार नाही. उद्या ती मुलगी पेशंटांनाच विचारणार आहे. ते सांगतील खरं. माझ्या तोंडून जायला नको."

यजमानांनी एक कुंडी खोडली आणि दोन बोटं डावीकडे पुन्हा काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोजपट्टी वॉर्डात आली. बाहेर वारा सुटला होता, छतावर उजेडाच्या लाटा चालल्या होत्या. मोठ्या सिस्टर तिच्या मागे, त्यांच्या मागे धाकट्या सिस्टर आणि दाराशी अधीक्षक. सिस्टरांना सगळं जरा दुरून दिसत होतं, काचेच्या पलीकडून दिसावं तसं. आता काका सांगतील, मग बाई, मग दादा. मग माझं काय व्हायचं ते होईल, पण ते होईल. मी करणार नाही.

"काका, शून्य ते दहामध्ये तुमचं दुखणं किती?"

सुतारकाकांनी खाटेची दांडी धरली होती. बोटांची पेरं पांढरी पडली होती, कपाळावर घाम होता. त्यांनी मुलीकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यावरून मोठ्या सिस्टरांकडे पाहिलं आणि एक डोळा हळूच मिटला.

"दोन," ते म्हणाले.

मुलगी लिहून पुढे गेली. सिस्टर जागीच उभ्या राहिल्या.

"बाई, तुमचं?"

"तोंडी परीक्षा आहे वाटतं?" मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांचे गुडघे पोटाशी घेतलेले होते. "दोन. उत्तर पूर्ण वाक्यात हवं असेल तर, माझं दुखणं दोन आहे."

तिसऱ्या खाटेवर दोन. चौथ्या खाटेवरच्या म्हातारबाबांना धड बोलताही येत नव्हतं. त्यांनी दोन बोटं वर केली. पाचव्या, सहाव्या, सातव्या. दोन, दोन, दोन. सिस्टरांच्या कानांत ते आकडे पंख फडफडवत आल्यासारखे येत होते आणि पाण्यावर बसत होते. शेवटी दाराजवळ ड्रायव्हरदादा.

"दोन, ताई. आणि आमच्या सिस्टरांसारखी सिस्टर दुसरी नाही, तेही लिहा."

"त्याला रकाना नाही," मुलगी म्हणाली.

"मग रकाना काढा की. पेन्सिल आहे ना डोक्यात?"

वॉर्डात दबकं हसू पसरलं. तेव्हा सिस्टरांना कळलं. सकाळी अंघोळीच्या वेळी दादा कुबड्या टेकत खाटेखाटेशी का थांबत होते, ते. सिस्टरांवर बालंट येतंय, एवढंच त्यांच्या कानावर गेलं होतं आणि त्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं. अकरा वर्षं या वॉर्डाची रीतच होती ती. जुना पेशंट नव्याला सांगायचा: किती विचारलं की दोन म्हणायचं, कसं विचारलं की मग बोलायचं. सिस्टरांना वाटत होतं, आपण यांना पाठीशी घालतो. इथे तर हे सगळे दातांवर दात दाबून, घामाने निथळत, सिस्टरांनाच पाठीशी घालत होते.

मुलीने कागदाखाली रेघ ओढली. "बारापैकी बारा दोन." तिच्या आवाजात निराशा होती. तिला वेगळं काहीतरी सापडेल असं वाटत होतं. "ठीक आहे. नोंदी बरोबर आहेत तर."

अधीक्षकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मुलगी दाराकडे वळली.

सिस्टरांनी वर पाहिलं. छतावर ते तळं हलत होतं. लख्ख, शांत. त्यावर बसलेले ते असंख्य पक्षी त्यांना स्पष्ट दिसले, अकरा वर्षांचे, पांढरेशुभ्र, शिस्तीत. आणि हेही दिसलं की आपण बाहेर काठावर नाही. आपण सगळे खाली आहोत, पाण्याच्या तळाशी, बाराच्या बारा खाटा, आणि वरून जाणाऱ्या माणसाला फक्त पक्षी दिसतात.

"काका," त्या म्हणाल्या. आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "खोटं बोलू नका."

"घ्या!" सुतारकाका म्हणाले. "तुम्हीच शिकवलंत की."

कुणी हसलं नाही. काकाही नाही.

"हो," सिस्टर म्हणाल्या. त्या मुलीकडे वळल्या. "मीच शिकवलं. हे दोन यांचे नाहीत, माझे आहेत. अकरा वर्षांचे सगळे."

"सिस्टर!" दारातून अधीक्षक. "काय बोलताय कळतंय का? आपल्याच पायावर धोंडा..."

"पडू दे, सर. पाय आहे अजून." त्यांनी ड्रायव्हरदादांकडे पाहिलं. "माफ करा, दादा."

"छे छे. विनोद चांगला होता," दादा म्हणाले.

सिस्टरांनी मुलीच्या हातातून पाटी घेतली आणि खाली ठेवली. मग नेहमीसारख्या सुतारकाकांच्या खाटेच्या कडेवर बसल्या. "कसं दुखतंय, काका? मला सांगता तसं यांना सांगा."

काकांनी सांगितलं. रंधा सांगितला, नवशिका कारागीर सांगितला. तो कारागीर पहाटे जास्त काम करतो, हेही सांगितलं. हे त्यांनी सिस्टरांनाही कधी सांगितलं नव्हतं. दांडीवरची बोटं सुटली. मुलीने विचारलं, "मग किती, काका?" काकांनी जरा विचार केला, लाकडाच्या फळीचा अंदाज घ्यावा तसा. "नऊ," ते म्हणाले.

मास्तरीणबाईंची पट्टी आली. "आठ लिही. आणि एक सांगते, चाळीस वर्षांत दहापैकी दहा मी कुणाला दिले नाहीत. दुखण्याचे लाड कशाला करू?"

दादांनी विचारलं, "असलेल्या पायाचं सांगू की नसलेल्या?"

"दोन्ही," मुलगी म्हणाली. ती आता खाटेशेजारी उकिडवी बसून लिहीत होती.

"असलेल्याला तीन. नसलेल्याला आठ."

म्हातारबाबांनी दोन्ही हातांची बोटं वर केली. मग एक मिटायला गेले आणि पुन्हा उघडलं.

दोन तास लागले. शेवटी मुलगी उठली तेव्हा तिचे पाय आखडले होते. "हे असं तोंडी चालणार नाही, सिस्टर," ती हळू आवाजात म्हणाली. "जुन्या नोंदी चुकीच्या आहेत, हे तुम्हाला लिहून द्यावं लागेल. मग चौकशी होईल. मी ते थांबवू शकत नाही. आणि प्रशिक्षणाला तुमचं नाव..."

"नाही लागणार. कळतं मला."

"माझं पण लिहा," मागून धाकट्या सिस्टर म्हणाल्या. "पहिला दोन मी लिहिला होता."

"सही कुणाची होती?" मोठ्या सिस्टरांनी वळून विचारलं. "गप्प बस. कुणीतरी शिकायला जायला नको का?"

त्यांनी तीन ओळी लिहिल्या. अक्षर नेहमीसारखंच आलं, याचं त्यांना आश्चर्य वाटलं.

हॉस्पिटलचं नाव यादीत आलं. दोन जागा: तिसऱ्या मजल्याचे तरुण डॉक्टर आणि धाकट्या सिस्टर. मोठ्या सिस्टरांकडून वॉर्डाचा कारभार काढून घेतला गेला. अधीक्षकांच्या भिंतीवरचं प्रशस्तिपत्र उतरलं. तिथे भिंतीचा रंग बाकीच्यापेक्षा उजळ होता, चौकटीएवढाच. सिस्टर वॉर्डातच राहिल्या, पण साध्या नर्स म्हणून. लोक त्यांना मोठ्या सिस्टरच म्हणत राहिले. ते काढून घ्यायला रकाना नव्हता.

ते सहा आठवडे फार लांब होते. सिस्टर रोज खरे आकडे लिहायच्या: नऊ, आठ, नऊ, सात. प्रत्येक वेळी डॉक्टरांना बोलवायच्या. बदली डॉक्टर यायचे आणि रिकाम्या हातांनी खाटेशी उभे राहायचे. "मी काय देऊ, सिस्टर?" ते पहिल्या दिवशी चिडून म्हणाले. चौथ्या दिवशी खुर्ची ओढून बसले आणि काकांना विचारलं, "रंधा कसा आहे?" तक्त्यावर आता पक्षी नव्हते. नवाचे आकडे, गळासारखे वाकडे, एकाखाली एक लटकत राहायचे आणि दुपारी डोळा लागला तरी सिस्टरांना तळं दिसायचं नाही. दिसायच्या त्या बारा खाटा, कोरड्या, उन्हात.

पाचव्या आठवड्यात मास्तरीणबाई गेल्या. शेवटच्या दुपारी सिस्टरांनी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "नऊ." मग जरा थांबून, "एक राखून ठेवलाय." सिस्टरांनी नऊ लिहिलं. दोन लिहिलं असतं तर हे कुणालाच कधी कळलं नसतं, एवढं एकच त्यांच्या मनात बराच वेळ राहिलं.

मग धाकट्या सिस्टर परत आल्या. डॉक्टरही आले. कपाटाला नवं कुलूप लागलं आणि आत ते औषध. पहिल्या डोसानंतर सुतारकाका दिवसभर झोपले. त्यांचा जबडा सैल पडला होता आणि तोंड किंचित उघडं होतं. येणारा जाणारा प्रत्येक जण तिथे क्षणभर थांबून पाहत होता, घरात नवं बाळ आल्यासारखा. ड्रायव्हरदादा कुबडीने ठकठक करत निघाले, तर अख्ख्या वॉर्डाने त्यांना श्श केलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर पाटी घेऊन काकांपाशी आल्या. समोर गच्चीवर चादरी फुगल्या होत्या. छतावर उजेड हलत होता, आज कितीतरी दिवसांनी पाण्यासारखा.

"किती, काका?"

काकांनी डोळे मिटून आत पाहिलं. "कारागीर जेवायला गेलाय वाटतं," ते म्हणाले. "पण हत्यारं इथेच आहेत. चार."

सिस्टरांनी लिहिलं. काकांनी मान उंचावून तक्त्यात डोकावलं.

"सिस्टर."

"काय?"

"चार म्हणालो मी."

सिस्टरांनी खाली पाहिलं. रकान्यात तो बसला होता, मान वळवून, शेपटी सोडून, सुरेख. हाताने आपला आपणच काढला होता. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"सवय जात नाही का काही केल्या?" काका म्हणाले आणि हसले. हसताना दुखलं नाही, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलेलं दिसलं.

सिस्टरांनी त्या २ वर एक आडवी रेघ मारली, शेजारी सही केली आणि पुढे ४ काढला. जपून, वरच्या दोन टोकांपासून खालच्या गाठीपर्यंत. हा आकडा काढायची हाताला सवय नव्हती. चार म्हणजे डॉक्टरांना बोलवायचं. त्यांनी भिंतीवरची घंटा दाबली आणि खाटेच्या कडेवर बसून राहिल्या. घड्याळाकडे पाहण्याआधीच जिन्यावर पावलं वाजली, दोघांची, घाईची.